कोणता कॅमेरा घेऊ? घाटनांदूरहून पाहिलेला एका प्रश्नाचा इतिहास

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर.

हल्ली जुन्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांना, म्हणजे डिजिकॅमना, पुन्हा भाव आलाय. फ्लॅशने पांढरेफटक झालेले चेहरे, कोपऱ्यात केशरी तारीख. वीस वर्षांपूर्वी ज्याला लोक खराब फोटो म्हणायचे, त्याला आता लूक म्हणतात. तुमच्यापैकी कुणीतरी सेकंडहँड डिजिकॅम शोधत असेलच. म्हणून आज आपण ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ या प्रश्नाचाच इतिहास बघू. कारण दर काळात या प्रश्नाचं उत्तर बाजाराने आपल्या सोयीने पढवलंय.

उभं राहायला जागा घेऊ घाटनांदूर. बीड जिल्हा, अंबाजोगाई तालुका, परळी ते लातूर रोड या रेल्वेमार्गावरचं स्टेशन. मुंबई-पुणे मुद्दाम नको. मोठ्या शहरात वस्तू नाही पटली तर बदलायला दुकान जवळ असतं. गावाकडे कॅमेरा घेतला की तोच वर्षानुवर्षं चालवायचा. त्यामुळे निवड करताना डोकं जास्त लावावं लागतं.

आधी कॅमेरा होता कुणाचा?

मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी सुरू झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते. म्हणजे मराठी माणूस या खेळात फार लवकर उतरला. पण आपला बीड भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात. तिथलं मोठं नाव म्हणजे लाला दीनदयाळ, सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर. ‘राजा’ ही पदवी त्यांना निजामानेच दिली. फोटो काढून घ्यायचे राजेरजवाड्यांनी आणि साहेबांनी. सामान्य माणसासमोर कॅमेरा निवडायचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न जन्माला आला 1888 साली, अमेरिकेत. जॉर्ज ईस्टमनने 25 डॉलरला कोडॅक कॅमेरा काढला. आत 100 फोटोंचा रोल. तो संपला की अख्खा कॅमेराच कंपनीला परत पाठवायचा, ते फोटो धुऊन, नवा रोल भरून परत देणार. बटण दाबण्यापलीकडे गिऱ्हाईकाला काही यायची गरज नाही, ही कल्पना तिथून आली. तुमचा फोन आजही त्याच कल्पनेवर चालतो.

रोलचा जमाना: बारा की छत्तीस?

आपल्याकडे ही कल्पना पोहोचली ती अ‍ॅग्फा क्लिक थ्रीसारख्या डब्यातून. हा कॅमेरा भारतातच, बडोद्याला बनायचा. एका रोलवर 12 फोटो, बस्स. नव्वदच्या दशकात कोडॅकचा केबी टेन आला. 35 मिलिमीटरचा रोल, 36 फोटो, दोन पेन्सिल सेलवर चालणारा फ्लॅश. फोकस वगैरे करायचाच नाही.

तेव्हा कॅमेरा निवडायचा निकष एकच, खर्च. आणि तो कॅमेऱ्याच्या किमतीत संपायचा नाही. रोल विकत घ्या, तालुक्याला नाहीतर लातूर-परळीसारख्या ठिकाणी धुवायला टाका, प्रिंटचे पैसे द्या, हेलपाटे घाला. प्रत्येक खटक्याला पैसे पडायचे. म्हणून लग्नातसुद्धा मोजूनमापून फोटो. पण एक गोष्ट आपोआप व्हायची. प्रत्येक फोटोचा कागद हातात यायचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मेगापिक्सेल आला आणि प्रश्न फिरला

1975 साली कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनियरने पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, फोटो कृष्णधवल, फक्त दहा हजार पिक्सेलचा, आणि तो कॅसेटवर साठवायला 23 सेकंद. खिशात मावणारं रूप यायला वीस वर्षं गेली. 1995 चा कॅसिओ क्यूव्ही टेन घ्या. त्याच्या पाठीवर छोटा स्क्रीन होता. काढला की लगेच बघा, नको तर पुसून टाका. रोलचा खर्च गेला.

मग दुकानदाराला नवा आकडा हवा होता. तो मिळाला, मेगापिक्सेल. 3 पेक्षा 5 भारी, 5 पेक्षा 10 भारी. पेटीवर मोठ्ठ्या अक्षरात छापता येतो, गिऱ्हाईकाला समजतो, शेजाऱ्याला सांगता येतो.

आता हिशोब करू. 4 बाय 6 इंचाचा प्रिंट, इंचाला 300 ठिपके. 1200 गुणिले 1800, म्हणजे साधारण 22 लाख. दोन मेगापिक्सेलच्या थोडं वर! अल्बममधल्या फोटोला खरी गरज एवढीच.

आणि आकडा वाढवला की फुकट काही मिळत नाही. समजा अंगणात पावसाचं पाणी धरायचंय. अंगण तेवढंच. दहा घागरी मांडल्या तर प्रत्येकीत बरंच पाणी साठेल. त्याच जागेत शंभर वाट्या मांडल्या तर प्रत्येक वाटीत थोडंथोडंच. अंगण म्हणजे सेन्सर, पाणी म्हणजे उजेड. साध्या डिजिकॅमचा सेन्सर जेमतेम 6 बाय साडेचार मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्यावर 14-14 मेगापिक्सेल बसवले की संध्याकाळच्या फोटोत दाणे दिसणारच.

हे कंपन्यांनाही कळत होतं. कॅननने 2008 साली जी टेन काढला, 14.7 मेगापिक्सेलचा. पुढच्याच वर्षीचा जी इलेव्हन किती मेगापिक्सेलचा? फक्त 10! नवं मॉडेल आणि आकडा कमी. कमी उजेडात फोटो चांगला यावा म्हणून कंपनीनेच पाऊल मागे घेतलं. मग 2012 साली सोनीने आरएक्स हंड्रेडमध्ये चौपट क्षेत्रफळाचा सेन्सर खिशात बसवून दाखवला. म्हणजे खरा प्रश्न ‘किती मेगापिक्सेल’ हा नव्हताच. ‘अंगण केवढं?’ हा होता.

गावाकडे आणखी एक प्रश्न होता, जो जाहिरातीत कधी नव्हता. सेल कुठला? त्या काळात ग्रामीण महाराष्ट्रात तासन् तास भारनियमन. चार्जिंगच्या बॅटरीचा कॅमेरा ऐन हळदीत मान टाकणार. पेन्सिल सेलवाला जाड दिसायचा, पण सेल किराणा दुकानात मिळायचे. घाटनांदूरच्या हिशोबात तो शहाणा सौदा होता.

मग फोन आला

2010 साली जगभरात 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. त्यातले बहुतेक खिशातले. 2023 मध्ये या छोट्या कॅमेऱ्यांचा आकडा उरला सुमारे 17 लाख. ज्या कोडॅकमध्ये डिजिटल कॅमेरा जन्मला, तिने 2012 साली दिवाळखोरीचा अर्ज केला.

पण मंडळी, माझ्या मते खरं नुकसान कंपन्यांचं झालेलं नाही, आपलं झालंय. घरातले फोटो वर्षांप्रमाणे लावून बघा. नव्वदच्या दशकातले अल्बममध्ये आहेत. अलीकडचे फोनमध्ये, क्लाउडवर आहेत. मधली 2004 ते 2012 ची वर्षं? कुणाचं कार्ड हरवलं, कुणाचा कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, कुणाच्या सीडीवर ओरखडे. फोटो काढणं फुकट झालं आणि कागद हातात येणं बंद झालं. त्या वर्षांत गेलेल्या आजीचा शेवटचा हसरा फोटो कित्येक घरांत आज नाही.

मग आज काय घ्यायचं?

फोन चांगला असेल तर रोजच्या कामाला तोच पुरे. जुना डिजिकॅम हौसेने घ्यायचाच असेल तर आकडा शेवटी बघा. आधी कार्ड. 2006 च्या आधीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना 2 जीबीपर्यंतचंच एसडी कार्ड चालतं, आजचं 32 जीबीचं नाही. काही जुन्या ऑलिम्पस आणि फुजीला एक्सडी कार्ड लागतं, ते शोधत बसाल. मग बॅटरी, चार्जरसकट मिळते का ते. लेन्स पूर्ण बाहेर येऊन आत जाते का? झूम बघताना ऑप्टिकल झूमच मोजा. डिजिटल झूम म्हणजे फोटो कापून मोठा करणं. आणि शक्य असेल तर दुकानाबाहेर नको, आत, ट्यूबलाइटखाली एक फोटो काढून बघा. अंगण केवढं ते तिथेच कळेल.

आणि शेवटचा प्रश्न, जो कुठल्याच पेटीवर छापलेला नसतो. हा फोटो राहणार कुठे? अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. लांबलचक कापडावर लिहिलेला ग्रंथ. चारशे वर्षं झाली, अजून बघता येतो. तालुक्यातल्या कापडाने चार शतकं काढली आणि आपली कार्डं दहा वर्षंही टिकली नाहीत. कॅमेरा कुठलाही घ्या. वर्षातून एकदा निवडक पंचवीस फोटो प्रिंट करा, आणि मागे नाव, गाव, तारीख लिहा.

तुमच्या घरातली ती हरवलेली वर्षं कुठली, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.