तीन पौंडांचा परवाना

आपल्या ओळखीपाळखीत आखातात किंवा आणखी कुठे दूरदेशी नोकरीला गेलेला एखादा माणूस असतोच. तो सुटीवर आला म्हणजे त्याला विचारून पाहा. पगाराच्या आधी तो व्हिशाचीच गोष्ट काढील. मुदत केव्हा संपते, वाढवून मिळेल का, फी किती पडेल, मालक सही देईल ना. परक्या मुलखात राहण्याची ही परवानगी एके काळी आपल्या लोकांना किती महाग पडली, हे जाणून घ्यायचे असेल तर दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीचा इतिहास पाहिला पाहिजे. (नाव ऐकून हसू नका. वास्को द गामा १४९७ सालच्या नाताळात त्या किनाऱ्याजवळून गेला, म्हणून मुलखाला हे नाव पडले.)

तिथल्या गोऱ्या मळेवाल्यांना उसाच्या लागवडीसाठी मजूर हवे होते. १६ नोव्हेंबर १८६० रोजी 'ट्रूरो' नावाचे जहाज मद्रासेहून डर्बनला लागले, आणि तेव्हापासून १९११ पर्यंत सुमारे दीड लाख हिंदी मजूर त्या वसाहतीत गेले. बहुतेक तमिळ, तेलुगू आणि उत्तर हिंदुस्थानातले. पाच वर्षांचा करार. पहिल्या वर्षी महिना दहा शिलिंग, पुढे दरसाल एक शिलिंग वाढ. 'अॅग्रीमेंट' या शब्दाचे त्यांनी 'गिरमिट' केले, म्हणून ते गिरमिटिये. करार संपला की माणूस मोकळा होई. मग कोणी तुकडाभर जमिनीत भाजीपाला काढी, कोणी मासे धरी, कोणी फेरीवर माल विकी. गोऱ्यांच्या डोळ्यांत खुपले ते हेच. मजूर त्यांना हवा होता, शेजारी नको होता.

वसाहतीला स्वतःचा कारभार मिळाला १८९३ मध्ये, आणि लगेच बेत निघाला. करार संपलेल्या हिंदी माणसाने पुन्हा करार करावा, किंवा मायदेशी परत जावे; आणि राहायचेच असेल तर परवान्यासाठी दरसाल पंचवीस पौंड भरावेत! हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांना पंचवीस पौंड जास्त वाटले. त्यांनी तीन पौंडांना संमती दिली. काहींनी याला सवलत मानले असेल. मला ती तशी वाटत नाही, कारण कर बसवण्याचे तत्त्वच त्यांनी मान्य करून टाकले. १८९५ साली कायदा झाला. तो नंतर येणाऱ्या मजुरांना लागू असल्याने त्याचा चटका बसू लागला तो त्यांचे करार संपल्यावर, १९०१ पासून.

आता हिशेब करून पाहू. शिक्षकबंधूंनी हा फळ्यावर जरूर मांडावा. एका पौंडाचे वीस शिलिंग, म्हणजे तीन पौंडांचे साठ. पाचव्या वर्षी मजुराला महिना चौदा शिलिंग मिळत. म्हणजे फक्त राहण्यासाठी चार महिन्यांहून अधिक कमाई! पुढे सोळा वर्षांवरील मुलगे आणि तेरा वर्षांवरील मुली यांनाही कर लागला. नवराबायको आणि अशी दोन मुले धरली तर बारा पौंड, दोनशे चाळीस शिलिंग. चौदाच्या दराने सतरा महिन्यांचा पगार. वर्षाचे महिने बारा, हे विद्यार्थ्यांना सांगायला नकोच. थकबाकी झाली की कोर्टकचेरी, तुरुंग. पुन्हा गिरमिट लिहून दिले तर मात्र कर माफ. तेव्हा खजिना भरणे हा त्यातला हेतू फार थोडा होता. मोकळा झालेला माणूस पुन्हा मळ्यात आणून बांधायचा, नाहीतर जहाजात बसवायचा, यासाठी तो परवाना होता.

इथे आपल्याकडचा एक माणूस या कथेत येतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले. नाताळला मजूर पाठवणे बंद करावे, असा ठराव त्यांनी १९१० मध्ये कायदेमंडळात मांडला, आणि १९११ च्या जुलैपासून ती भरती थांबली. १९१२ च्या ऑक्टोबरात, प्रकृती बरी नसताना, ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले. गांधीजींनी आग्रह धरला की, इथे कोकणी मुसलमान आहेत, काही महाराष्ट्रीयही आहेत, तेव्हा आपण मराठीत बोला, मी हिंदुस्थानीत सांगतो. गांधीजींच्या हिंदुस्थानीची थट्टा करीत गोखल्यांनी ते कबूल केले, आणि पुढे थेट झांझिबारपर्यंत आपल्या लोकांच्या सभांत ते मराठीत बोलले!

प्रिटोरियाला जनरल बोथा आणि जनरल स्मट्स यांची भेट झाली. तीन पौंडांचा कर जाणार, अशी समजूत घेऊन गोखले बाहेर पडले. गांधीजींना तितकी खात्री वाटली नाही. १९१३ मध्ये सरकारने असे वचन दिलेच नव्हते म्हणून सांगितले.

मग ऑक्टोबरात न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या. मजुरांना उठवायला ट्रान्सवालमधून बायका गेल्या होत्या. ६ नोव्हेंबर १९१३ रोजी दोन हजार सदतीस पुरुष, एकशे सत्तावीस स्त्रिया आणि सत्तावन्न मुले नाताळची हद्द ओलांडून ट्रान्सवालात शिरली. परवान्यावाचून ही हद्द ओलांडणे हाच गुन्हा होता, आणि तो त्यांनी जाणूनबुजून केला. सरकारने त्यांना आगगाड्यांत घालून परत नेले आणि खाणींचेच तुरुंग केले. संप मात्र उसाच्या मळ्यांत पसरला. इकडे आजारी गोखल्यांनी पैसा उभा केला. व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनीही मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींबद्दल उघड सहानुभूती दाखवली.

१९१४ च्या कायद्याने तीन पौंडांचा कर गेला, मागची थकबाकीही सुटली. अंगठ्याचा ठसा असलेला नाताळचा रहिवास-दाखला जवळ असला आणि माणूस तोच आहे अशी ओळख पटली, की तेवढ्यावर त्याला परत येण्याचा हक्क मिळाला. एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात राहायला जाण्याची मोकळीक मात्र त्या कायद्यानेही दिली नाही.