हिशेब दुसरीला वाचता यावा

गटाची सचिव बदलली की नवी सचिव आधी जुनी वही उघडते. बचत कुठल्या रकान्यात, व्याज कुठल्या, ‘सु’ म्हणजे सुनीता की सुमन, हे वहीतूनच कळले तर काम पुढे चालते. संगणकावर मोठे हिशेब करणाऱ्यांनाही हेच शिकावे लागले. त्याची हकीकत आज आपण ऐकू या.

२००६ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी जाहीर केले की, कॅन्सरच्या गाठीतली जनुके तपासून कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे आधीच सांगता येते. मोठी आशा निर्माण झाली. पुढे याच हिशेबावरून खऱ्या रुग्णांची औषधे ठरवण्याचे प्रयोग सुरू झाले.

ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर केंद्रातल्या डॉक्टरांनाही ही पद्धत हवी होती. तिथले संख्याशास्त्रज्ञ कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स यांनी तोच हिशेब करून पाहिला. उत्तर जुळेना. कोणत्या पायरीनंतर कोणती पायरी केली, हे नीट लिहिलेलेच नव्हते. मग छापलेल्या आकड्यांवरून दोघे उलटे मागे गेले. सापडले ते आपल्या ओळखीचेच. जनुकांच्या यादीत नावे एक ओळ सरकलेली होती. जणू एकीची बचत शेजारणीच्या नावावर. त्याहून वाईट म्हणजे काही ठिकाणी ‘औषध लागू पडते’ आणि ‘लागू पडत नाही’ या खुणांचीच अदलाबदल झाली होती.

२००९ मध्ये दोघांनी हे छापून मांडले. २०१० मध्ये प्रयोग कायमचे बंद झाले, २०११ मध्ये मूळ लेख मागे घेतला गेला. २०१५ मध्ये सरकारी चौकशीत एका संशोधकाने खोटी माहिती वापरल्याचेही ठरले. वाचता न येणाऱ्या हिशेबात चूकही लपते आणि लबाडीही.

बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी स्वतःच्या कामाची रीतही पक्की केली. ‘आर’ नावाच्या, कुणालाही फुकट मिळणाऱ्या संगणक भाषेत ते हिशेब करत. संगणकाला दिलेल्या सूचना, म्हणजे कोड, आणि त्यांचे साध्या भाषेतले स्पष्टीकरण एकाच कागदावर ठेवायचे. प्रत्येक अहवालाचा साचा एकच. आज चांगला कोड लिहिणारे आणखी काही नियम पाळतात: नाव अर्थ सांगणारे हवे, एका गोष्टीला सगळीकडे एकच नाव हवे, एका ओळीत एकच काम हवे, आणि ० म्हणजे काय, १ म्हणजे काय, हे लिहिलेले हवे.

आपल्या गटांसाठीही नियम हेच. रकान्यांचा क्रम दर महिन्याला तोच ठेवू या. नाव पूर्ण लिहू या. खुणेचा अर्थ पहिल्या पानावर लिहू या. आणि महिन्यातून एकदा वही दुसऱ्या मैत्रिणीच्या हातात देऊ या. तिला न विचारता वाचता आली, तर तो हिशेब साऱ्या गटाचा झाला.