मुंबईहून परतलेला जाफर

‘दोख्तर-ए लोर’ म्हणजे ‘लोर जमातीची मुलगी’. या सिनेमाच्या शेवटाकडे जाफर आणि गोलनार दरोडेखोरांच्या तावडीतून सुटून मुंबईला पळून येतात. पुढे त्यांना कळतं, की इराणमध्ये नवं सरकार आलंय, देश बदलतोय. दोघं आनंदाने मायदेशी परततात.

१९३३ साली तेहरानच्या प्रेक्षकांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला. कथापटातली माणसं पहिल्यांदाच फारसीत बोलत होती. पण फारसीतला हा पहिला बोलपट तयार झाला होता मुंबईत! इराणमध्ये तेव्हा बोलपटाची सोयच नव्हती. मुंबईत मात्र पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणी यांच्या इम्पीरियल फिल्म कंपनीने १९३१ मध्येच ‘आलम आरा’ काढला होता.

जाफरची भूमिका करणारा, सिनेमा लिहिणारा तरुण होता अब्दुलहुसेन सेपांता. १९०७ साली तेहरानमध्ये जन्मलेला. विशीत तो मुंबईला आला, तो सिनेमासाठी नव्हे, तर प्राचीन इराणच्या अभ्यासासाठी. पारशी विद्वान दिनशा इराणी यांच्याकडे तो शिकत होता. पुढे त्याची गाठ अर्देशीर इराणींशी पडली.

या सिनेमाचं दिग्दर्शन इराणींच्या नावावर आहे. पुढचे चार फारसी बोलपट मात्र सेपांताने स्वतः दिग्दर्शित केले, तेही भारतातच. ‘फिरदौसी’, ‘शिरीन आणि फरहाद’, नादिरशहाच्या भारतावरच्या स्वारीच्या काळात घडणारा ‘काळे डोळे’ आणि कलकत्त्याच्या ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी केलेला ‘लैला मजनू’. त्यातल्या ‘फिरदौसी’ने त्याला सरकारची चुणूक दाखवली. कवीला दुखावणारा सुलतान महमूद रझा शहाला आवडला नाही आणि सेपांताला काही दृश्यं पुन्हा चित्रित करावी लागली.

तरीही १९३६ च्या सुमारास ‘लैला मजनू’ घेऊन तो इराणला परतला. मायदेशात स्टुडिओ उभारायचा, हे त्याचं स्वप्न होतं. पण ज्या सरकारचं कौतुक त्याने पहिल्या सिनेमात केलं होतं, त्याच सरकारने त्याला दारात उभं केलं नाही. त्यानंतर त्याने एकही कथापट केला नाही. तो इस्फहानमध्ये राहिला, १९४३ मध्ये ‘सेपांता’ नावाचं वर्तमानपत्र काढलं. इराणी पडदाही गप्प झाला. पुढचा फारसी कथापट यायला १९४८ साल उजाडलं.

गोलनार झालेल्या रुहांगीझ सामीनेजादची कथा आणखी कडू आहे. बाईने सिनेमात काम केलं म्हणून तिला इतका त्रास झाला, की पुढचं आयुष्य तिने लोकांपासून लपून काढलं. १९९७ मध्ये ती गेली, तेव्हाही फारशी कुणाला ठाऊक नव्हती.

आयुष्याच्या शेवटी सेपांता छोट्या ८ मिलिमीटर कॅमेऱ्यावर हौशी फिल्म करायचा. १९६९ मध्ये इस्फहानमध्ये तो वारला. त्याच वर्षी दारियुश मेहरजुईंचा ‘गाव’ तयार झाला आणि इराणी सिनेमाच्या नव्या पर्वाची चर्चा सुरू झाली. आज आपण मोबाइलवर कियारोस्तामी, पनाही शोधून शोधून पाहतो. पण परवानगी, सेन्सॉर आणि घरच्याच सरकारशी झगडा ही त्यांच्या वाट्याला आलेली गोष्ट सेपांतापासूनच सुरू झाली होती.

सिनेमातला जाफर मुंबईहून परतला, तेव्हा देश त्याची वाट पाहत होता. सेपांताची वाट कुणीच पाहत नव्हतं.