रणभूमीचे पहिले पाहुणे

वॉटर्लूची लढाई 18 जून 1815 रोजी संपली आणि प्रेतं पुरून व्हायच्या आतच ब्रसेल्सहून बघ्यांच्या घोडागाड्या येऊ लागल्या. लढाया त्याआधीही झाल्या होत्या, बघेही जमले होते. पण वाटाड्या, आठवणवस्तूंचा बाजार, संग्रहालय, स्मारक हा युद्धभूमी-पर्यटनाचा सारा संसार एकाच शिवारात थाटला गेला तो इथे.

ऑगस्टमध्ये स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉट आला. त्याला रणांगण दाखवलं दकोस्तर नावाच्या स्थानिक माणसाने. लढाईच्या दिवशी नेपोलियनला वाट दाखवणारा आपणच, असं तो सांगे, आणि त्या सांगण्यावरच त्याचा धंदा चाले. स्कॉटने चिलखतं विकत घेतली. गोळ्या, बटणं, बिल्ले गावकरी विकतच होते. खरा माल आटला तसा खोटाही खपू लागला. ब्रिटिश घोडदळाचा प्रमुख लॉर्ड अक्सब्रिज याचा लढाईत जखमी होऊन कापलेला पाय एका घरमालकाने आपल्या बागेत पुरला, वर शिळा बसवली, आणि लोक तीही बघायला येऊ लागले.

नेपोलियनला हरवणारा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन ज्या एल्म वृक्षापाशी उभा होता, त्याची साल आणि फांद्या पाहुण्यांनी ओरबाडून नेल्या. आजूबाजूचं पीक तुडवलं जाई ते वेगळंच. वैतागलेल्या शेतमालकाने 1818 मध्ये झाड विकून टाकलं. त्याच्या लाकडाची खुर्ची इंग्लंडच्या राजाला भेट गेली. पुढे आपला राजपुत्र लढाईत जखमी झाला त्या जागी नेदरलँड्सच्या राजाने सुमारे 40 मीटर उंच टेकाड रचून वर सिंह बसवला. 1826 मध्ये ते पुरं झालं. त्याची माती रणांगणातूनच खणली. वेलिंग्टनचं सैन्य ज्या उंचवट्याच्या आडोशाने लढलं, तोच बराचसा सपाट झाला. लढाई समजून घ्यायला आलेल्याला सिंह दिसतो, लढाईची जमीन दिसत नाही. ती समजावून सांगायला 1830च्या दशकात एडवर्ड कॉटन हा तिथे लढलेला घोडदळाचा शिपाईच वाटाड्या झाला. त्याने संग्रहालय मांडलं, पुस्तकही लिहिलं.

पुढच्या शतकात धंदा आणखी पुढे सरकला. पहिलं महायुद्ध संपायच्या आधीच, 1917 मध्ये, मिशेलिन या टायर कंपनीने रणभूमींच्या मार्गदर्शिका काढायला सुरुवात केली. पण आता येणाऱ्यांमध्ये मेलेल्यांचे आईबाप आणि विधवाही होत्या. त्यांना विजय बघायचा नव्हता, आपल्या माणसाचं नाव शोधायचं होतं. म्हणून स्मारकाची घडणच बदलली. बेल्जियममधल्या ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर कबर न सापडलेल्या 54,000हून अधिक जणांची नावं कोरली गेली, त्यांत भारतीय शिपायांचीही आहेत. फ्रान्समधल्या नव शापेलला भारतीयांचं स्वतंत्र स्मारक झालं. दोन्ही 1927 सालची. वॉटर्लूच्या टेकाडाने एका राजपुत्राची जखम जपली. शंभर वर्षांनी मेनिन गेटच्या दगडावर जागा मिळाली ती साध्या शिपायांच्या नावांना.