टांगती परांची

इमारत पुरी झाली की परांची उतरते, आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाची आठवणही तिच्याबरोबरच उतरते.

भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्ह्याच्या प्रांताची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भोवती नगर वाढत गेले आणि कोहका आज त्याचाच एक भाग आहे. परंतु या सर्व उभारणीच्या काळात कायद्याची दृष्टी मुख्यतः कारखान्याच्या आतच वळलेली होती. १९४८ चा कारखाना कायदा यंत्रापाशी राबणाऱ्या कामगारासाठी होता. तो कारखाना बांधणारा गवंडी बहुधा त्याच्या कक्षेबाहेरच राही.

जगाला हा प्रश्न नवा नव्हता. जिनीव्हा येथील १९३७ च्या आंतरराष्ट्रीय करारात एक मार्मिक तत्त्व आहे: परांची दुसऱ्याने बांधलेली असली, तरी आपल्या माणसांना तीवर चढविण्यापूर्वी ती निर्दोष असल्याची खात्री मालकानेच करून घ्यावी. आपल्याकडे १९६६ मध्ये परांचीसाठी भारतीय मानक निघाले. परंतु बांधकाम कामगारांचा स्वतंत्र कायदा होण्यास १९९६ साल उजाडले, आणि त्याखालील केंद्रीय नियम १९९८ मध्ये आले. पुढे २०२० च्या संहितेत तो कायदा समाविष्ट झाला.

टांगत्या परांचीची तपासणी अधिकच कठीण. जमिनीवरून पाळणा दिसतो, फळ्या व कठडा दिसतो. पण ज्यावर प्राण अवलंबून असतो ते गच्चीवरचे तुळईचे टोक आणि त्याला तोलून धरणारे वजन खालून दिसत नाही. म्हणून तपासनीसाने प्रथम गच्ची गाठावी. वजन सरकू नये असे जखडले आहे काय, तारेच्या दोराचे धागे तुटले वा गंजले आहेत काय, आणि कामगाराच्या कमरपट्ट्याचा दोर पाळण्याला न बांधता निराळ्या आधाराला बांधला आहे काय, हे त्याने पाहावे. पाळणा कोसळला तर त्याच पाळण्याला बांधलेला माणूस कसा वाचणार? वादळपावसानंतर ही पाहणी पुन्हा झालीच पाहिजे.

नोंदवहीत सही करण्यास क्षण पुरतो. गच्चीवर चढण्यास श्रम पडतात. या दोहोंमधील अंतर केवळ कायद्याने मिटत नाही. ते अंतर तपासनीसाच्या पायांनीच तोडावे लागते.