स्वल्पविराम मराठीत आला त्याची गोष्ट

‘रमेशने सुमनला वही देणाऱ्या बाईंना हाक मारली.’ वाचताना ‘वही’पर्यंत येतो तोवर आपण मनात ‘दिली’ म्हणून मोकळे झालेले असतो. मग ‘देणाऱ्या’ येतं आणि जुळवलेला अर्थ मोडतो. वही रमेशने दिलेलीच नाही. डोळा मागे फिरतो. ‘रमेशने’पुढे स्वल्पविराम असता तर हा चकवा टळला असता. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे असे चकवे आपल्याकडे भरपूर. तरी या चिन्हाचं मराठीतलं वय दोनशे वर्षंही नाही.

त्याआधीचं लेखन पाहायचं तर सांगलीच्या विश्रामबागेतून, विलिंग्डन कॉलेज मागे टाकून, शेजारच्या मिरजेला जावं. तिथल्या हायस्कुलात संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धन सरदारांच्या दफ्तरातली पत्रं ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त १८९७ पासून छापायला घेतली. पत्रं मोडीतली. आधी कागदावर आडव्या रेघा ओढायच्या, मग त्यांना अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत. शब्द कुठे तोडायचा, वाक्य कुठे संपलं, सगळं वाचणाऱ्याने ठरवायचं. शास्त्रीबुवांच्या या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे. दरबारात मात्र फारसं अडत नसे. कारकून पत्र मोठ्याने वाचून दाखवी, प्रकरण त्याला ठाऊक असे. कुठे थांबायचं ते त्याचा आवाजच सांगे.

छापील पुस्तक आलं आणि वाचणारा एकटा पडला. शाळेतल्या पोराला ना प्रकरण ठाऊक, ना शेजारी कारकून. मराठी क्रमिक पुस्तकं तपासणाऱ्या मेजर टॉमस कँडी यांनी १८५० मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली आणि इंग्रजीतली चिन्हं मराठीत रुजवली. शाळेत अजून ‘स्वल्पविराम म्हणजे श्वासापुरतं थांबणं’ असं शिकवतात. पण ‘रमेशने’ म्हटल्यावर कुणाला धाप लागत नाही! पुढचं ‘सुमनला’ कुणाचं, हे आधी कळावं म्हणून तिथे चिन्ह हवं.

असे चकवे वाचताना नेमकं काय होतं, हे पाहायला १९८२ मध्ये लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर या संशोधकांनी वाचकांच्या डोळ्यांची हालचाल टिपली. वाचक वाक्य संपायची वाट पाहत नाही. पहिला जुळेल तो अर्थ धरून चालू लागतो. फसला की नजर अडखळते, मागे वळते. १९९२ मध्ये ऑस्टरहाउट आणि होल्कम यांना चूक उघडी पाडणाऱ्या शब्दानंतर सुमारे ६०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरींत उंचवटा दिसला. अडखळण्याचं कारण मात्र वाचकाला बहुधा कळत नाही. म्हणून लिहिणाऱ्याने चिन्ह गाळलं, तरी पोर ‘मला वाचता येत नाही’ म्हणून स्वतःलाच दोष देतं. हे मला फार सलतं.