पांढऱ्या गुलाबांची साक्ष

मी फौजेतला माणूस, म्हणून तुम्ही माझ्याकडून लढायांची अपेक्षा ठेवता. आज मात्र विषय आहे फुलदाणीचा. प्रश्न तरीही इतिहासाचाच आहे: डोळ्यांसमोरचा पुरावा जसाच्या तसा खरा मानायचा का?

साल १८९०, महिना मे. पोस्ट-इम्प्रेशनिस्ट चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग दक्षिण फ्रान्समधल्या सँ रेमीच्या मनोरुग्णालयात वर्षभर राहून आता बाहेर पडणार होता. १६ मे रोजी तो निघाला. त्याआधीच्या मोजक्या दिवसांत त्यानं फुलांची चार मोठी चित्रं काढली. दोन आयरिसची, दोन गुलाबांची. प्रत्येक जोडीत एक उभं, एक आडवं. रंग इतका जाड दिलेला की चित्रं ओलीच राहिली. ती तिथंच वाळत ठेवावी लागली आणि जूनच्या अखेरीस उत्तरेला ओव्हेर गावी त्याच्यापर्यंत पोहोचली. २९ जुलैला तो गेला. वय अवघं ३७.

आता त्याची पद्धत पाहा. ओल्या रंगावर ओला रंग, पाकळीच्या वळणानं फिरणारा ब्रश, फुलापानांना गडद रेघेची कड. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विरोधी रंग शेजारी ठेवणं. पिवळ्यासमोर जांभळा, हिरव्यासमोर गुलाबी. एकानं दुसऱ्याला जोर द्यायचा, हा त्याचा हिशेब.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातले त्याचे गुलाब आज जवळपास पांढरे दिसतात. ते पाहून कुणालाही वाटेल की आजारातून उठलेल्या माणसाची ही शांतता आहे. पण गस्तीवरून परतलेल्या जवानाला आम्ही नेहमी विचारायचो, ‘पाहिलंस किती आणि अंदाज किती?’ इथंही तेच विचारायला हवं.

साक्षीदार आहे खुद्द चित्रकार. भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रांत तो गुलाब गुलाबी सांगतो आणि आयरिस जांभळे. आयरिसच्या एका चित्राची पार्श्वभूमी पिवळी, दुसऱ्याची गुलाबी. आज ते आयरिस निळे दिसतात आणि ती गुलाबी पार्श्वभूमी पांढुरकी झाली आहे. म्हणजे सगळीकडून एकच रंग गायब आहे: लाल.

तो लाल होता जिरेनियम लेक. १८७०च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी शोधलेल्या इओसिन या कृत्रिम रंगद्रव्यापासून तो बनत असे. दिसायला झगझगीत, पण उजेडात उडणारा. इओसिनमध्ये ब्रोमीन असतं. रंग उडाला तरी ब्रोमीनचा माग क्ष-किरणांच्या तपासणीत सापडतो, आणि कुठं कुठं लाल होता त्याचा नकाशाच तयार होतो. २०१५ साली मेट्रोपॉलिटननं ही चारही चित्रं एकत्र मांडली, तेव्हा मूळ रंग कसे असतील हेही लोकांसमोर ठेवलं.

व्हॅन गॉगला हे ठाऊक नव्हतं का? होतं. १८८८ सालीच त्यानं थिओला कळवलं होतं की हे नव्या चालीचे रंग टिकाऊ नाहीत, म्हणूनच ते भडक लावावेत. काळ त्यांना मवाळ करेलच. धोका ओळखून त्यानं रंग निवडला. काळानं त्याच्या अंदाजापेक्षा जास्त वसूल केलं, इतकंच.

म्हणून मंडळी, त्या पांढऱ्या गुलाबांत शांतता वाचणं म्हणजे उजेडानं केलेलं काम चित्रकाराच्या मनावर चिकटवणं. जोड्या विरोधी रंगांच्या होत्या. त्यातला एक गेला आणि उरलेला एकटा पडला.

इतिहासातही असंच होतं. जे उरलं तेवढंच घडलं, असं आपण धरून चालतो. पुढच्या वेळी एखादं जुनं चित्र, शिलालेख किंवा बखर समोर आली की आधी विचारा: यातलं काय उडून गेलंय, आणि त्याची खूण कुठं शिल्लक आहे?

भेटूया पुढच्या भागात. जय हिंद.